लाल खडूचा बाण

तालुक्याच्या कॉलेजात बत्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली बारा वर्षं मी फळ्यावर एक बाण चुकीचा काढत होतो.

वर सोव्हिएत संघ, मध्ये अफगाणिस्तान, खाली अरबी समुद्र. मग लाल खडूनं वरून खाली एक ठसठशीत रेघ. पीटर द ग्रेटच्या मृत्युपत्रापासून रशियाचा डोळा गरम पाण्याच्या बंदरावर आहे, हे वाक्य पोरं माझ्याआधी पुरं करायची. २७ डिसेंबर १९७९ ला सोव्हिएत तुकड्यांनी काबूलचा ताजबेग राजवाडा घेतला, तिथला सत्ताधीश हाफिजुल्ला अमीन मारला गेला, सगळं त्या बाणात बसायचं. समुद्राच्या अलीकडे पाकिस्तानातला सबंध बलुचिस्तान आडवा येतो, ही अडचण मी खडू जरा जोरात ओढून मिटवत असे.

१९८४ च्या चाचणीत एका मुलीनं लिहिलं होतं की, रशिया घाबरून गेला असेल. हाताशी धरलेला माणूस उलटेल असं वाटलं असेल. मी समासात लिहिलं, ‘घाबरला? कोणाला?’ दहापैकी तीन. माझ्या नोट्स जशाच्या तशा उतरवणाऱ्या तिच्या शेजाऱ्याला आठ.

नव्वदीत मॉस्कोचे कागद खुले झाले. त्यांतल्या काहींचा इंग्रजी तर्जुमा एका उजळणी वर्गात झेरॉक्स होऊन माझ्या हाती आला. मार्च १९७९ मध्ये हेरातला बंड झालं तेव्हाचे अफगाण सत्ताधीश तराकी सैन्य मागत होते आणि पॉलिटब्यूरो नको म्हणत होता. संगिनींच्या जोरावर तिथली साम्यवादी क्रांती टिकवायची नाही, असं म्हणणारा अँद्रोपोव्ह, म्हणजे खुद्द केजीबीचा प्रमुख! सप्टेंबरात अमीननं तराकींना हटवलं, पुढच्या महिन्यात मारलं. मग तो इजिप्तच्या सादातसारखा अमेरिकेच्या गोटात जाईल, ही धास्ती मॉस्कोत वाढत गेली. सैन्य पाठवण्याचा १२ डिसेंबरचा ठराव हातानं लिहिलेल्या एका पानाचा, त्यात देशाचं नावही नाही, नुसतं ‘अ’. आणि अमीन स्वतःच सोव्हिएत सैन्य मागत होता. आपल्या रक्षणाला आलंय असं त्याला वाटलेल्या सैन्यानंच त्याचा काटा काढला. त्या कागदांत मी बंदर शोधलं. नव्हतं.

घाबरून गेले म्हणून लाखो अफगाणांचं मरण हलकं होत नाही. पण मी हेतू शिकवत होतो, आणि तोच चुकला होता.

कागद तेव्हा बंद होते, ही सबब अर्धीच. पीटरचं मृत्युपत्र बनावट आहे आणि नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीच्या वेळी, १८१२ मध्ये, ते पॅरिसमध्ये छापून पसरवलं गेलं, हे १९८१ सालीही चांगल्या संदर्भग्रंथात सापडलं असतं. मी शोधलंच नाही. खरं सांगायचं तर एवढी मोठी सत्ता शंभर वर्षांचा हिशेब मांडूनच पाऊल टाकत असणार, असं मला मनातून आवडायचं. चार आजारी म्हाताऱ्यांची घालमेल फळ्यावर काढता येत नाही.

पुढल्या जूनपासून बाण बंद केला. का, ते वर्गाला सांगितलं नाही. त्या मुलीचं आडनावही आता आठवत नाही.

निवृत्त झालो त्या वर्षी गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्याच अक्षरातल्या नोट्स दिसल्या. बारा रुपयांना, बाणासकट. मी एक संच विकत घेतला आणि निमूट घरी आलो.