जिलबी

आमच्या घरी साप आहे हे कळलं की येणारे पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसत. ह्या घरात सगळ्यात भित्रं कोणी असेल तर ती जिलबीच, हे कितीदा सांगितलं तरी त्यांना पटत नसे.

ती कॉर्न स्नेक जातीची. मूळ मुलूख अमेरिकेचा आग्नेय भाग, फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा; पण इंग्लंडमध्ये हे साप पिंजऱ्यातच पैदा होतात आणि पाळायला परवाना लागत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे साधी धामणही घरात ठेवता येत नाही, आणि ते बरंच आहे. माझ्या मुलीने, सईने, रेडिंगच्या घरी आणली तेव्हा ही पेन्सिलीएवढी जाड आणि सव्वा वीत लांब होती. केशरी अंगाचं वेटोळं करून बसलेली पाहिली आणि नाव पडून गेलं.

बिनविषारी, पण आव केवढा! पिंजऱ्याची काच सरकवली की मान नागमोडी करून मागे घ्यायची. शेपटीचं टोक भुशात इतक्या वेगाने थरथरवायची की खडखड ऐकू यावी. हात पुढे आला की तोंड मारायची. दात लागत ते बाभळीचा काटा ओझरता लागावा तेवढेच. खरा ताप पुढचा होता. उचललं की शेपटीखालून घाण वासाचा स्राव सोडायची, आणि तो वास साबणाने धुऊनही जेवताना बोटांना यायचा.

लोक ह्याला राग म्हणतात. ती निव्वळ भीती असते. रानात सापाच्या पिलावर ससाणा झडप घालतो तो वरून, आणि माणूसही हात घालतो तो वरूनच. पिलाने दोघांत फरक कशावरून करावा?

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली. तिचं माहेर सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. तिच्या लहानपणी नागपंचमीच्या आधी गावातले लोक रानातून नाग धरून आणत, मडक्यात ठेवत, मिरवत आणि सण झाला की परत सोडून देत. उच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या त्या मिरवणुकांवर बंदी आली. आईला तो निर्णय अजून पटलेला नाही. मला पटतो. फणा काढून उभा राहिलेला नाग गर्दीला डुलताना दिसतो, प्रत्यक्षात तो बिथरलेला असतो. ह्यावरून आमची फोनवर दरवर्षी जुंपायची. पण सापाकडे बघायची तिची नजर पक्की होती. सईला पिंजऱ्यात हात घालताना पाहून ती मागूनच म्हणाली, "बाई, वरनं नको. आडवा घाल हात, तिला दिसू दे. आन् शेपटीला धरू नगंस, पोटाखालनं उचल."

तिथून आमची तालीम सुरू झाली. जमिनीवर मांडी घालून बसायचं, म्हणजे निसटली तरी पडायची भीती नाही. आधी हात धुवायचे, कारण बोटांना उंदराचा वास असला की सापाच्या लेखी बोट म्हणजेच जेवण. नंतरही धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. उचलल्यावर आवळायचं नाही. ती एका हातावरून पुढे सरकली की दुसरा हात पुढे करायचा, तो संपला की पुन्हा पहिला. पळणाऱ्याला पळायला वाट देत राहिलं की त्याचं पळणं हळूहळू मंदावतं, ही त्यातली खरी गोम. दोन-चार मिनिटं झाली की परत पिंजऱ्यात. खाल्ल्यावर दोन दिवस बोट लावायचं नाही, नाहीतर गिळलेलं ओकते. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर निळसर दुधी झाक येते, नीट दिसत नाही, म्हणून जास्त दचकते. तेव्हाही तिच्या वाटेला जायचं नाही.

गोठवलेल्या उंदरांची पाकिटं फ्रीजरमध्ये पुरणपोळ्यांच्या शेजारी राहत. माझ्या बायकोने आठवडाभर अबोला धरला, मग स्वतःच एक बिस्किटांचा डबा रिकामा करून त्यावर ठळक मराठीत 'उंदीर' लिहिलं. पाहुण्यांत मराठी वाचता न येणारे बरेच असतात, हे तिच्या लक्षात यायला दिवाळी उजाडली.

जिलबी निवळली ती एका दिवसात नव्हे. आधी शेपटी वाजायची थांबली, मग तो वास बंद झाला. पुढे हातावर आली की अंग ताठ न ठेवता सैल सोडायची आणि जीभ सावकाश आतबाहेर करत मनगट हुंगायची. सापाला माणसाचा लळा लागतो असं मला वाटत नाही. त्याच्या धोक्यांच्या यादीतून आपलं नाव खोडलं जातं, इतकंच. सईला हे मुळीच मान्य नव्हतं. तिच्या मते जिलबी तिला ओळखायची. वासाने ओळखत असेल, पण ओळख आणि माया ह्यांत अंतर आहे, असं मी म्हटलं की ती म्हणायची, "बाबा, तुम्ही पण मला कधी सांगत नाही."

सई शिकायला मँचेस्टरला गेली. तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून जिलबी माझ्या वाट्याला आली. तोवर ती चार फुटांच्या वर गेली होती. मी क्रिकेट बघत बसलो की स्वेटरच्या बाहीत शिरून पडून राहायची. स्वेटरमध्ये ऊब होती, माझं श्रेय काही नाही. टोपी घातलेलं कोणी वरून वाकलं की मात्र शेवटपर्यंत मान मागे जायची.

सतरा वर्षं जगली. कॉर्न स्नेकच्या मानाने चांगलं आयुष्य. शेवटचे काही महिने खाणं सुटलं होतं. डॉक्टरांनी तपासून म्हातारपण आहे एवढंच सांगितलं. सई आली, आम्ही जिलबीला मागच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं.

आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं केलंस. आता नागपंचमीला तिथं खुरपं लावू नगंस."

"आई, ती नाग नव्हती. अमेरिकेतली होती."

"असंल. पंचमीला खुरपं लावायचं न्हाई."