खोडदच्या माळावर

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता इंदूरहून धुळे-नाशिकमार्गे नारायणगावास साडूंकडे गेलो. उन्हाळ्यात आमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा बाकी होता, आणि खरे सांगायचे तर भीतीपोटी त्याची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली होती. एकच धोतर उजव्या डोळ्यास शुभ्र, किंचित निळसर दिसे. डाव्यास चहात बुडवून काढल्यासारखे.

साडूंनी परवानगी काढून ठेवल्यामुळे खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहावयास मिळाली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! पैकी १४ मध्यभागी जवळजवळ उभ्या, उरलेल्या तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात, द्राक्षे-टोमॅटोच्या मळ्यांमधून विखुरलेल्या. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पकतेचे हे फळ. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी. तिच्यातून आरपार आभाळ दिसते.

"अहो, या चाळणीत राहणार काय?" सौ. हळूच म्हणाली.

प्रश्न रास्त होता. परंतु हायड्रोजन वायूपासून येणाऱ्या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर असते. तिच्यापुढे जाळीची भोके इतकी लहान, की लहर भिंतीवर आपटल्यासारखी परतते. या लहरीचे भाकीत १९४४ साली झाले, आणि १९५१ साली ती प्रत्यक्ष सापडली.

तेथील एका तरुण अभ्यासकाने देवयानी दीर्घिकेची निरनिराळी चित्रे दाखविली. ही दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. भूगोलाचे शिक्षक रजेवर असले की आम्ही वर्गात जे चित्र दाखवीत आलो, ते साध्या प्रकाशातले: मधोमध वृद्ध ताऱ्यांचा पिवळसर फुगवटा, भोवती निळसर बाहू, त्यांत धुळीच्या काळ्या रेघा. अतिनील चित्रात तो फुगवटा फिका पडलेला, आणि तप्त तरुण ताऱ्यांची कडी तेवढी उजळलेली. हे किरण आपले वातावरण अडविते, म्हणून दुर्बीण वर धाडावी लागते. २०१५ साली आपल्या देशाने सोडलेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वर तशी दुर्बीण आहे. दूरच्या अवरक्तात तर नवलच! ज्या रेघा काळ्या, त्याच पेटलेल्या. कारण ताऱ्यांच्या उष्णतेने तापलेली धूळ तेथे स्वतः किरण टाकते. आणि रेडिओ चित्रात हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांची वस्ती संपल्यावरही पुढे पसरलेली, मधला भाग मात्र जवळजवळ ओसाड.

सप्तर्षीकडच्या दोन शेजारी दीर्घिका साध्या छायाचित्रात एकमेकींपासून अलिप्त दिसतात. रेडिओ चित्रात त्यांच्यामध्ये वायूचे पूल. कोणे एके काळी जवळून जाताना झालेल्या ओढाताणीची ती खूण.

"यातले खरे रूप कोणते?" आम्ही विचारले.

"सर, एकाच चित्रावर थांबलो असतो तर धूळ म्हणजे नुसता काळोखच वाटली असती," तो म्हणाला. डोळ्यास न दिसणाऱ्या किरणांना रंग नसतो, चित्रांतले रंग माणसांनी योजलेले, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

रात्री साडूंच्या गच्चीवर चढलो. फटाके थांबले होते. देवयानी जवळजवळ माथ्यावर आलेली. उजव्या डोळ्यास कापसाच्या बोळ्याएवढा अंधुक ठिपका दिसला. मग उजवा झाकून डाव्याने पुष्कळ वेळ पाहिले. तेथे काहीच नव्हते.

"दिसली का?" सौ.ने विचारले.

इंदुरास परतताच आम्ही डाव्या डोळ्याची तारीख घेतली.