दोन आवाजांची बंदूक

आमच्या घराण्यात वारसाहक्काने जमीन थोडी आली आणि कथा फार आल्या. त्यांतली सर्वांत दणकट कथा बंदुकीची. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचे काम चालले होते, तेव्हा एका गोऱ्या इंजिनियराने खूष होऊन ती आमच्या खापरपणजोबांना दिली, असे शहापूरच्या आमच्या ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. साहेब का खूष झाला, हे सांगणाऱ्यागणिक बदले. साहेब मात्र कायम राही.

थोरले काका गेले आणि या कथेची कायद्याशी गाठ पडली. माणूस गेला की त्याच्या परवान्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. ते जमा करावे लागते आणि वारसाने आपल्या नावाचा परवाना मागायचा असतो. काकांच्या परवान्यावर ‘दुनळी, बारा बोअर’ एवढेच शब्द होते. कोणी सुचवले, जुनी वस्तू म्हणून ठेवून द्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी सवलत आहे खरी. पण जे वापरायचे नाही आणि दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, अशाच हत्याराला ती लागू. आमची बंदूक तर काकांसारखीच शेवटपर्यंत धडधाकट! तेव्हा ती आहे तरी काय, हे नीट समजून घेणे भाग पडले.

ज्या परवानाधारक दुकानदाराकडे ती जमा केली, त्याने खटका सरकवून ती मधोमध उघडली आणि नळ्या उजेडाकडे धरल्या. “बघा,” म्हणाला. उजवी नळी आतून गुळगुळीत. डावीत मात्र आटे फिरत गेलेले. गुळगुळीत नळी छर्ऱ्यांची, आट्यांची नळी गोळीची. आटे गोळीला भोवऱ्यासारखी गरगरवतात, म्हणून ती सरळ आणि लांब जाते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतल्या एकीची जेवढी जाडी, तेवढे नळीचे तोंड. हा हिशेब उजव्या नळीला लागू होता. परवान्याने अर्धीच बंदूक ओळखली होती.

नळ्यांच्या खालच्या अंगाला मुकुटाखाली एकेक रोमन अक्षर ठोकलेले होते. ही जर्मन तपासणीची चिन्हे. ‘यू’ म्हणजे तपासली, ‘एस्’ म्हणजे छर्ऱ्यांची, ‘जी’ म्हणजे आट्यांची. रानात पुढ्यात कोंबडा येईल की डुक्कर, हे आधी ठाऊक नसते. म्हणून एकाच दस्त्यावर दोन जातींच्या नळ्या बसवण्याची रीत जर्मन मुलखात फार. पण या चिन्हांचा कायदा १८९१ चा, अंमल १८९३ पासून. आणि कसाऱ्याच्या घाटातून गाडी धावू लागली १८६५ साली.

“म्हणजे साहेब नव्हताच?” आत्याने विचारले. साहेब गेल्याचे दुःख तिला काकांच्या खालोखाल झाले.

पण बंदुकीची खरी ओळख मला मुरबाडकडे पटली. टोकावड्याच्या बाजूला एक ठाकूर म्हातारा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वी तो पोरवयात आपल्या बापाबरोबर आमच्या आजोबांच्या हाक्याला जात असे. मुकुट, अक्षरे यांतले काही मी त्याला सांगितले नाही. फक्त विचारले, “बाबा, आमची बंदूक आठवते?”

“तिला दोन आवाज व्हते, भाऊ,” तो चटकन म्हणाला. “एक धाऽड करून फुटायचा. तो आला का आमी उभं राहाचो. दुसरा टाळकन्‌ वाजायचा. तो वाजला का बापूस माना धरून आमाला झाडाच्या आड आडवं पाडायचा.”

छर्रे थोड्या अंतरावर दमतात. गोळी झाडी भेदून हाकाऱ्यांच्या रांगेपर्यंत जाते. आमच्या ओटीवरच्या पिढ्यांनी साहेबाचे बूटसुद्धा वर्णन करून सांगितले. पण समोरच्या रानात डबे बडवीत, अनवाणी चालत येणाऱ्यांचा उल्लेख त्या कथेत मी कधी ऐकला नाही. आम्ही बंदूक भिंतीवर पाहिली. त्यांनी ती कानांनी ओळखली, कारण ओळखण्यावाचून गत्यंतर नव्हते.

अर्जात वर्णनाचा रकाना लहानसा असतो. त्यात मी बारीक अक्षरांत लिहिले : ‘उजवी नळी गुळगुळीत, बारा बोअर, डावी नळी आट्यांची, गोळीची.’ साहेबाला वगळले. म्हाताऱ्यासाठी मात्र त्या रकान्यात जागा नव्हती.