ग्रहण

माझा धाकटा भाऊ सात महिन्यांचा असताना आजीने त्याच्या पाठीमागे पितळी ताट वाजवले. त्याने मान वळवली. "बघा, ऐकतोय की पोर!" आजी म्हणाली आणि विषय मिटला. तो भिंतीवर हललेल्या सावलीकडे वळला असेल, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. अडीच वर्षांचा झाला तरी तो 'आई' म्हणाला नाही.

मग कारण शोधणे सुरू झाले. आजीला ते लगेच सापडले. पोटात मूल असताना आईने ग्रहणात विळी हाती धरली होती! आई आजीची सख्खी भाची. पण त्या दिवसापासून ती नुसती सून उरली.

मुंबईच्या रुग्णालयात भावाला औषधाने झोपवून, डोक्याला तारा चिकटवून 'बेरा' चाचणी केली. दोन्ही कान जवळजवळ बंद. सहा महिन्यांच्या आत यंत्र लागले असते तर बोलणे पुष्कळ सुधारले असते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आईला प्रश्न. गरोदरपणी अंगावर पुरळ उठले होते का? (जर्मन गोवराने पोटातल्या बाळाचे डोळे बिघडतात, हे १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवले, कानांचे त्यानंतर कळले.) बाळ जन्मताच रडले का? कावीळ फार चढली होती? मेंदूज्वर? जेंटामायसिनची इंजेक्शने? आई कोर्टात उभी असल्यासारखी "नाही, नाही" म्हणत होती. शेवटचा प्रश्न बाबांना होता, "लग्नाआधीचे तुमचे नाते?"

"मामाची मुलगी," बाबा सहज म्हणाले.

रक्ततपासणीत कॉनेक्सिन २६ या जनुकात दोष निघाला. एक सदोष प्रत आईकडून, एक बाबांकडून. एकच प्रत सदोष असेल तर माणूस नीट ऐकतो. दोन्ही आल्या की मूल बहिरे. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा धोका चारात एक. नात्यातल्या लग्नाने दोष जन्मत नाही, पण एकाच पूर्वजाकडून उतरलेल्या दोन प्रतींची गाठ पडणे सोपे होते. म्हणजे बाबांकडची प्रत बहुधा आजीकडूनच आलेली. हे मी आजीला कधी सांगितले नाही. ती भावाला मांडीवर घेऊन भरवते, तेव्हा तर जीभच उचलत नाही.

गेल्या दिवाळीत आत्याने मला तिच्या मुलासाठी मागणी घातली. आजी हरखली. मी म्हटले, "आधी आम्हा दोघांचे रक्त तपासू." आजी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा आई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. कित्येक वर्षांनी तिने आजीला माहेरच्या नात्याने हाक मारली.

"आत्या, पोरगी बरोबर बोलते आहे."