उतारावरची रेस

भोरजवळ एका रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलाबाहेर मोटरसायकली ओळीने लावलेल्या होत्या आणि त्यांचे मालक कट्ट्यावर बसून वरंध घाटाबद्दल बोलत होते. बोलता बोलता माझं लक्ष सांगणाऱ्याच्या तोंडावरून त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. हातात काही नव्हतं, तरी मूठ वळलेली होती. गोष्टीत वळण आलं की ती मूठ मनगटातून पुढे सैल व्हायची आणि वळण संपलं की परत स्वतःकडे पिळली जायची. डावा तळवा आडवा होऊन रस्ता दाखवत होता. ऐकणाऱ्यांपैकी दोघांच्या मुठीही, त्यांना पत्ता नसताना, तशाच हलत होत्या.

या मंडळींच्या गप्पांना नीट कान दिला तर कळतं की त्यांत वेग फार थोडा असतो. असतो तो रस्ता. वाघजाईच्या देवळापुढे डांबर उखडलंय, वळणाच्या पोटात खडी साचलीय, महाडकडून सकाळी चढलात तर ऊन थेट डोळ्यांवर येतं. दोन चाकांवरच्या माणसाला मूठभर खडीसुद्धा खाली पाडू शकते, म्हणून त्याची नजर रस्त्यावरून हलत नाही, आणि घरी आल्यावर त्याला रस्ता इंच इंच आठवतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांची इतकी ताजी आणि खरी हकिगत दुसरं कुणी सांगत असेल असं मला वाटत नाही. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, ही कित्येक वर्षांची वहिवाट. त्यामुळे साताऱ्याच्या राईडच्या गोष्टीत हा घाट फक्त जातानाच भेटतो. परतीच्या गोष्टीत तो नसतो, आणि सांगणाऱ्यालाही त्याची चुटपुट असते.

रस्त्यावर असताना तर ते बोलतही नाहीत. पुढच्या गड्याला खड्डा दिसला की तो त्या बाजूचा पाय फुटरेस्टवरून काढून खाली धरतो. मागचा ते पाहतो आणि तोही पाय काढतो. असं करत खड्ड्याची बातमी शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. हॉर्न नाही, हाक नाही. मी हे पहिल्यांदा ताम्हिणीत पाहिलं तेव्हा माझी गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो.

कोकणात किनाऱ्याने जाणाऱ्यांच्या गोष्टी खाड्यांपाशी थबकतात. वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. फेरीबोटीत गाडी चढवायची, स्टँडवर लावायची आणि बोट हलली की एक हात सीटवर ठेवून उभं राहायचं, कारण गाडी कलंडेल ही धास्ती जात नाही. इंजिन बंद, हातांना काम नाही, आणि अनोळखी माणसं आपसूक बोलायला लागतात. कुठून निघालात, पुढे पंप कुठे आहे, गुहागरकडचा रस्ता झाला का. सगळ्यांत चांगल्या गप्पा या बोटींवरच होतात असं माझं मत आहे. हॉटेलातल्या गप्पांना श्रोता हवा असतो, बोटीवरच्या गप्पांना माहिती हवी असते. सागरी महामार्गाच्या कामात या खाड्यांवर पूल यायचे आहेत. गावांची सोय होईल आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र ती बोट हवी आहे.

गाडी कोणती चालवली आहे ते सांगणाऱ्याच्या अंगावरून ओळखता येतं. जुनी बुलेट चालवलेला माणूस बसून गोष्ट सांगूच शकत नाही. तो उठतो. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबायची आणि मग सगळं वजन टाकायचं, हे त्याला उभं राहूनच दाखवावं लागतं. टायमिंग चुकलेलं असेल तर किक उलटी मारते, आणि ती पोटरीवर कुठे बसली होती ती जागा तो आजही दाखवतो. यामाहाच्या आरएक्स हंड्रेडवाला तोंडाने आवाज काढतो. ९८ सीसीची ती गाडी १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली, आणि तिचा आवाज तेव्हा जन्मलेही नव्हते अशी पोरं आज हुबेहूब काढतात.

माझ्या मामाकडे येझदी रोडकिंग होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. तिची किक आणि गिअर हा एकच दांडा होता. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचा. शिवाय गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे मामा हाताचा क्लच न धरता गिअर बदलायचा आणि आम्हा भाच्यांना ती जादू वाटायची. सुट्टीत तो मला टाकीवर बसवायचा, मामी मागे, आणि आम्ही कोल्हापूरहून मलकापूर, आंबा करत साखरप्याला उतरायचो. निघण्याआधी पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मापून घ्यायचं, टाकीत ओतायचं आणि गाडी दोन्ही बाजूंना डोलवून ते मिसळायचं, हे काम माझ्यासमोर इतक्या गंभीरपणे चालायचं की मी तोंड उघडत नसे.

आंब्याला चहा व्हायचा. मामा चहा सांगायचा आणि तो येईस्तोवर पान्याने प्लग काढून तळहातावर घ्यायचा. टोक तपकिरी निघालं की तो मामीला म्हणायचा, "मजेत आहे." काळं आणि तेलकट निघालं तर ऑइल जास्त झालंय. पांढरं पडलेलं असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे इंजिन तापतंय. मग पॉलिश पेपरने टोक घासून, फुंकर मारून प्लग परत जागेवर. चहा तोवर गार व्हायचा आणि मामी तो गरम करायला परत पाठवायची.

मग घाट सुरू. आंबा घाटाच्या उतारावर मामा एक विचित्र गोष्ट करायचा. गाडी आपल्या वजनाने खाली चाललेली असायची, रेस देण्याची गरज नसायची, तरी थोड्या थोड्या वेळाने तो क्लच धरायचा आणि रेस पिळायचा. दरीत आवाज घुमायचा, मागे निळसर धूर राहायचा. मला वाटायचं तो आमच्यासाठी मजा करतोय. एकदा मी विचारलं, "मामा, उताराला रेस कशाला देतोस?" तो म्हणाला, "गळा सुकतोय बघ तिचा."

याचा उलगडा मला फार पुढे झाला. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. घाट उतरताना मूठ बंद असली की पेट्रोल जवळजवळ थांबतं आणि पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. चाकं मात्र इंजिनाला फिरवतच असतात. पिस्टन कोरडा घासत राहतो, तापतो आणि शेवटी सिलिंडरमध्ये पकडतो. उतारावर मागचं चाक असं एकाएकी धरलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून मधूनमधून रेस द्यायची, तेवढाच ऑइलचा घोट आत जातो. त्यात टू-स्ट्रोकमध्ये इंजिन गाडीला रोखतंही कमी, सगळा भार ब्रेकवर. साखरप्याला पोचलो की पुढच्या ड्रमला जळका वास यायचा आणि मामा त्याच्याजवळ हात नेऊन, न टेकवता, ऊब बघायचा.

घरी गेल्यावर आजोबा विचारायचे, "कसा झाला प्रवास?" मामा दरीबद्दल, धुक्याबद्दल, विशाळगडाच्या फाट्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. गाडी कुठे कशी वागली ते सांगायचा. आणि आजोबांना, ज्यांनी जन्मात सायकलच्या पलीकडे काही चालवलं नव्हतं, त्यावरून अख्खा घाट कळायचा.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात टिपलेली राईड मला फार वेळ पाहवत नाही. तीच राईड कुणी तोंडाने सांगितली तर मी तासभर बसेन. गाड्या मात्र आजच्या चांगल्याच आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एबीएस आलं हे उत्तम झालं, त्याने जीव वाचतात. एप्रिल २०२० च्या नव्या प्रदूषण नियमांबरोबर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि इंजेक्शन आलं, किकचा दांडाही दिसेनासा होतोय. २०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं तेही फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन.

गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघणाऱ्या बायका सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचे फोटो छापून येतात. पण २०११ मध्ये पुण्यात 'बायकर्णी' हा बायकांचा मोटरसायकल गट सुरू झाला आणि अशा गटांतल्या बायका लांब पल्ल्याच्या राईड करतात, त्यांच्या गोष्टी पुरेशा छापल्या जात नाहीत. एकदा जयगडच्या बोटीवर तिघी भेटल्या होत्या. रस्ता त्यांनी इतरांसारखाच सांगितला, फक्त त्यात एक जास्तीची माहिती होती: कोणत्या पंपावरचं स्वच्छतागृह उघडं आणि स्वच्छ असतं. ही माहिती मला कुठल्याही पुरुषाने आजवर दिलेली नाही.

आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी आजही ठिकठिकाणी जुन्या जावा-येझदी घेऊन माणसं जमतात. जवळपास असं काही असेल तर जरूर जा. गाड्यांचे फोटो काढा, पण त्यातल्या एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाला बाजूला घेऊन घाट कसा उतरायचात हेही विचारा, आणि ते सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मामाला आणखी पुष्कळ विचारायचं होतं, ते राहून गेलं.