इमान इला

उंचावरून जाणाऱ्या विमानाचं मला कधी फारसं कौतुक वाटलं नाही. लहानपणी मालवणच्या आभाळात ती दिसायची, म्हणजे त्यांची पांढरी रेघ दिसायची. कुठून निघाली, कुठे चालली, कोणाला ठाऊक. आमचं लक्ष समुद्राकडे, कारण आमच्याकडे येणारा माणूस बोटीने येई. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट मालवणला बाहेरच नांगर टाकायची, मग पडाव जाऊन माणसं आणि ट्रंका घेऊन येत. पडाव टप्प्यात आला की बंदरावर जमलेली मंडळी कपाळाला हात लावून एकेक चेहरा ओळखायची. ‘बाबी इलो, शेजारी कोण ता?’ तेवढ्यासाठी अर्धा गाव उन्हात उभा.

ती खोड अंगात घेऊनच मी नोकरीसाठी मुंबईला गेलो. कुर्ल्याला राहायला जागा मिळाली. सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारं विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून जातं. तिथल्या गच्चीवरून मी पहिल्यांदा विमानाचं पोट पाहिलं, बाहेर काढलेली चाकं पाहिली, आणि मुख्य म्हणजे खिडक्या पाहिल्या. एअर इंडियाच्या जंबोंच्या खिडक्यांभोवती तेव्हा लाल रंगाचे झरोके रंगवलेले असत. त्यांतलं पहिलं, ‘सम्राट अशोक’, 1971 मध्ये आलेलं. गच्चीवरची पोरं त्याला नावाने ओळखत. 1 जानेवारी 1978 च्या रात्री तेच विमान उड्डाणानंतर लगेच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. आतली 213 माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस गच्चीवर कोणी फारसं बोलत नसे. झरोके दिसले की त्यांच्यामागे बसलेल्यांचाच विचार डोक्यात येई, आणि तो पुढे कधी पुरता गेला नाही.

पहिल्या बोनसमधून आग्फाचा क्लिक थ्री घेतला. 120 चा रोल, त्यात बारा फोटो, शटरचा वेग ठरलेला. त्या पेटीतून विमान टिपणं हा शुद्ध आशावाद होता. रोल धुवून आला की चाळीचे कठडे, वाळत घातलेल्या चादरी आणि वर एक करडा फराटा. बायको म्हणायची, चादरी छान आल्यात.

रविवारी जुहूला जायचो. सांताक्रूझहून पश्चिमेला उडालेली विमानं तिथे समुद्रावर बाहेर पडत. जुहूचा स्वतःचा विमानतळ जुना, 1928 चा. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. आणि 1972 च्या सप्टेंबरात एक जपानी जेट सांताक्रूझ समजून चुकून त्याच आखूड धावपट्टीवर उतरलं. ही गोष्ट किनाऱ्यावरचा भेळवाला अशी सांगे, जणू त्यानेच हात दाखवून थांबवलं.

गोव्याला वास्कोत नातेवाईक होते, त्यामुळे दाबोळीही झाली. पण तो नौदलाचा तळ, तिथे कॅमेरा पिशवीतच राहिला. नुसतं पाहायलाही पुष्कळ होतं. सी हॅरियर ही लढाऊ विमानं हवेत जागच्या जागी थांबत. त्यांचा आवाज कानात नव्हे, बरगड्यांत ऐकू येई. 2016 मध्ये ती निवृत्त झाली. त्यांतल्या वैमानिकाचं मात्र मला कधी कुतूहल वाटलं नाही, कारण तो कोणाकडे आलेला नसे.

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टेनचा माहो किनारा जगभरच्या फोटोंत आहे. धावपट्टी तिथे वाळूपासून रस्त्याएवढ्याच अंतरावर, त्यामुळे विमान आंघोळ करणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. 2017 मध्ये इंजिनाच्या झोताने फेकली जाऊन एक बाई तिथे दगावली, तरी गर्दी हटली नाही. ते फोटो मी मन लावून पाहतो, पण त्यांत कोणाच्या घरी पाहुणा येतोय असं वाटत नाही.

निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा परुळ्याजवळ चिपीच्या कातळसड्यावर धावपट्टीचं काम चाललं होतं. 2018 मध्ये चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथे चाचणीचं छोटं विमान उतरलं, आणि त्यातून गणपतीची मूर्ती आली. आमच्याकडे चतुर्थीला मुंबईकर येतो हे ठरलेलं, या वेळी मूर्तीच विमानाने आली. प्रवासी यायला 9 ऑक्टोबर 2021 उजाडला. अडीच किलोमीटरच्या त्या धावपट्टीला दिशेवरून मिळालेले आकडे 09 आणि 27, मुंबईच्या मोठ्या धावपट्टीचे तेच. म्हणजे दोन्ही पूर्व-पश्चिम. कुर्ल्यात शिकलेलं इथे जसंच्या तसं कामाला आलं.

विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, तेव्हा ते बहुधा समुद्रावरून आत येतं, दुपारी खारा वारा सुटला की कुडाळच्या बाजूने. तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान दर किलोमीटरला साधारण पन्नास मीटर खाली येतं, त्यावरून कुठे उभं राहायचं ते ठरवतो. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना एवढा हिशेब लागत नाही. ते सुरूच्या शेंड्यांकडे पाहून सांगतात, ‘आज भायरसून येतला.’

इथे येतं ते एटीआर, सत्तरेक माणसांचं, पंख्यांचं. त्याचे पंख वर आणि अंग खाली, त्यामुळे खिडक्यांची अख्खी रांग खालून मोकळी दिसते. फोटोला अडचण एकच, पंखा. त्याला सहा पाती, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे. शटर हजारांश सेकंदाचं ठेवलं तर पाती जागच्या जागी गोठतात आणि विमान बंद पडून लटकल्यासारखं दिसतं. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर आणलं की प्रत्येक पातं शेजारच्यापर्यंत पसरतं आणि भोवऱ्यासारखी धूसर चकती तयार होते. पण तेवढ्या वेळात कॅमेरा विमानाबरोबर सारख्याच वेगाने फिरायला हवा. खांदा, कंबर, गुडघा, सगळं एका लयीत. माझे गुडघे या वयात त्याला कबूल होत नाहीत, तरीही एखादा फोटो जमतो, आणि मोठा करून पाहिला की खिडकीला टेकलेलं कपाळ दिसतं. बंदरावर जमणाऱ्यांना मी हेच करताना पाहिलं होतं, फक्त हातात कॅमेरा नव्हता.

4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनासाठी तारकर्लीवर मिग आले. माणसांचा समुद्र लोटला, कुत्री घरात शिरली, मीही कान झाकून घेतले. दुसऱ्या दिवशी सगळे आवाजाविषयी बोलत होते. चिपीच्या विमानाविषयी मात्र कोणी आवाजाचं बोलत नाही. आज आलं का, भरून आलं का, तिकीट केवढ्याला पडलं, हेच.

आणि मध्यंतरी मुंबईचं विमानच बंद झालं. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू अशी नावं ऐकू यायला लागली. एकदा भोगव्याला मी ट्रायपॉड लावून उभा होतो, वाडीतला एक पोरगा येऊन शेजारी उभा राहिला. विमान आलं, चाकं उघडी, अगदी माथ्यावरून. मी धडाधड फोटो काढले. तो ओरडला, ‘इमान इला!’ मग मला विचारतो, ‘काकानू, ह्या मुंबयसून इला?’

‘नाय रे, हैदराबादसून.’

‘मगे आपला कोण नाय त्याच्यात,’ असं म्हणून तो क्रिकेटकडे पळाला. मी पडद्यावर फोटो मोठा करून खिडक्या बघायला लागलो.