पाणवठ्यावरची मोजदाद

आगगाडीत शेजारच्या गृहस्थांनी ‘आपण काय करता?’ असे विचारले, की माझी मोठी पंचाईत होते. ‘ग्रंथालयांना सल्ला देतो’ असे सांगितले तर ते क्षणभर विचारात पडतात आणि म्हणतात, ‘म्हणजे पुस्तके विकता?’ नाही हो! खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांची कपाटे लावून द्यायची, ग्रंथपालाला संगणकावर नोंदी करायला शिकवायचे आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहून द्यायचे, हा माझा व्यवसाय. वीस वर्षे तो करतो आहे. मिळकत बेताची, प्रवास मात्र पोटभर!

अशाच एका प्रवासात गेल्या मे महिन्यात नागझिऱ्याच्या कडेला जाऊन पोचलो. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचल्यापासून या जंगलाची ओढ होतीच. नागपूरहून भंडारा, पुढे साकोली, आणि तिथून डावीकडे वळले की धानाच्या उन्हाने भेगाळलेल्या बांध्या, मधूनच एखादा जुना मालगुजारी तलाव आणि मग एकदम रान सुरू होते. हे रान 1970 साली अभयारण्य झाले. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाला यातले काहीच कळवलेले नाही!

माझे वाचनालय रानालगतच्या एका गावात होते. एक खोली, चार कपाटे आणि टॉवेल पांघरून झोपलेला एक संगणक. कार्यवाह म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. मीही म्हणू लागलो.

दिवसभर आम्ही साठा तपासला. अकरा पुस्तके सापडेनात. त्यांत मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ होता. वाचनालयातले सर्वांत भारी पुस्तक! दाखल नोंदवहीत त्याच्यापुढे मी लाल शाईने ‘गहाळ’ असे लिहिले. देवघेव नोंदवहीत तर मे महिन्याचे पान कोरे करकरीत. 1967 च्या कायद्याने आपल्याकडे वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळते. पण ग्रंथ किती, सभासद किती, यावर अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो. हे वाचनालय आधीच ‘ड’ वर्गात. त्याच्या खाली पायरीच नाही.

गुरुजी हळूच म्हणाले, “साहेब, एवढं पान भरून टाकू का जी? कोण पाहते?”

मी गप्प राहिलो. उमेदवारीच्या दिवसांत एका वाचनालयासाठी मीच असे आकडे फुगवले होते. अनुदान मिळाले, पण तपासणीच्या दिवशी वाचक म्हणून शाळेची पोरे धरून आणावी लागली. त्यांतल्या एकाने पुस्तक उलटे धरले होते. ते पोर अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. “उद्या सांगतो,” एवढेच मी गुरुजींना म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिटेझरीच्या फाटकातून आत गेलो. बरोबर वाटाड्या म्हणून गावातलीच एक तरुण मुलगी होती. पाणवठ्यावर चितळांचा कळप आला. पाठोपाठ एक सांबर आले. मग पांढऱ्या फितीसारखी लांबलचक शेपटी मिरवीत एक पक्षी पाण्यावरून गेला.

“कोणता हा?” मी विचारले.

“स्वर्गीय नर्तक, जी. नर आहे,” असे म्हणून तिने पिशवीतून जाडजूड पुस्तक काढले. पहिल्याच पानावर जांभळा शिक्का आणि दाखल क्रमांक. माझा ‘गहाळ’ पक्षिकोश!

मुलगी ओशाळली. “जमा करायचं राहिलं जी. आम्ही सगळे गाईड पाळीपाळीनं वाचतो. सध्या तेंदूपत्त्याचा हंगाम. गाव पहाटेच रानात जाते, दुपारी पुडके बांधते. वाचनालय उघडते तेव्हा घरी कोणी नसतेच.”

कोऱ्या पानाचा उलगडा झाला. मला तिथेच बुद्धपौर्णिमेची मोजदाद आठवली. त्या रात्री लोक मचाणावर बसून पाण्यावर कोण कोण आले ते टिपतात. तळ्यात घागरी किती, हे कोणी मोजत नाही. आणि मी वीस वर्षे घागरीच मोजत होतो!

माझ्या धंद्याचे मूळ पुरुष म्हणजे बॉर्डनसाहेब. सयाजीराव महाराजांनी 1910 साली या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. त्यांनी ग्रंथपालांचे वर्ग चालवले आणि खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार घालीत असे. वाचक येत नसेल तर पुस्तकाने जावे, हा साधा हिशेब.

संध्याकाळी गुरुजींना म्हटले, “पान कोरेच ठेवू, पण ते कोरे का, हे खाली लिहू.” मग प्रस्ताव नव्याने मांडला. दोन फिरत्या पेट्या मागितल्या. एक जंगलाच्या फाटकावर, एक तेंदूपत्ता संकलन केंद्रावर. संगणकावरचा टॉवेल काढला आणि त्या मुलीला नोंदी शिकवल्या. गुरुजींनी घरोघर फिरून आणखी सहा पुस्तके शोधून काढली. उरलेली चार खरोखरच गहाळ; ती तशीच लिहिली. पहिली पेटी गावातल्या सुताराने शाळेच्या मोडक्या कपाटातून फुकट करून दिली.

प्रस्तावाचे उत्तर अजून आलेले नाही. येईल की नाही, सांगवत नाही. पण पावसाळ्यानंतर जंगलाची फाटके उघडली आणि गुरुजींचा फोन आला. स्वरात काळजी होती.

“साहेब, पक्षिकोश पुन्हा जागेवर नाही जी!”

“छान झाले,” मी म्हणालो. “या खेपेस लाल शाई तेवढी वापरू नका.”